सेलमचे खटले: भीती, कबुली आणि पुराव्याचा नियम

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली काही मुलींच्या सांगण्यावरून चेटूक केल्याच्या आरोपाखाली 20 जणांचा जीव गेला. हा सामूहिक उन्माद होता असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण तिथे न्यायाधीश होते, ज्युरी होती, साक्षी झाल्या होत्या. मग खोटेपणा कुणालाच कळला कसा नाही? मुली ठरवून खोटं बोलत होत्या का? आणि नंतर कुणाला शिक्षा झाली का?

मी सत्र न्यायालयात आरोपींच्या बाजूनं फौजदारी खटले चालवते. सेलमचे कागद मोठ्या प्रमाणात टिकून आहेत: वॉरंटं, जबाब, दोषारोप, तुरुंगातून केलेले अर्ज. आमच्या व्यवसायातलं माणूस ते वाचायला बसलं की सगळ्यात आधी तुमच्या प्रश्नातलं एक गृहीतक गळून पडतं. खोटेपणा कळला होता. भर कोर्टात, न्यायाधीशांच्या डोळ्यांदेखत कळला होता.

सारा गुडच्या खटल्यात साक्ष चालू असताना एका मुलीला झटका आला. साराच्या छायारूपानं, म्हणजे शरीर सोडून फिरणाऱ्या आणि इतरांना न दिसणाऱ्या रूपानं, आपल्याला सुरीनं भोसकलं असं ती म्हणाली आणि सुरीच्या पात्याचा मोडका तुकडा तिनं काढून दाखवला. तेवढ्यात एक तरुण पुढे आला. त्याच्याकडे त्याच सुरीचा उरलेला भाग होता. आदल्या दिवशी माझी सुरी मोडली, तुकडा मी हिच्या समोरच टाकून दिला, असं त्यानं सांगितलं. दोन्ही भाग जुळवून पाहिले, ते जुळले. आज कुठल्याही सत्र न्यायालयात त्या क्षणी ती साक्षीदार संपली असती आणि बहुतेक खटलाही. इथे न्यायाधीशांनी मुलीला खोटं न बोलण्याची ताकीद दिली आणि पुढच्या आरोपींविरुद्ध तिचीच साक्ष घेणं चालू ठेवलं. सारा गुडला 19 जुलै 1692 रोजी फाशी झाली.

म्हणून ‘उन्माद’ या एका शब्दावर मी हे प्रकरण मिटवू देत नाही. गावात भीती पसरते, माणसं भलतंसलतं बोलतात, हे समजू शकतं. पण कायद्यानं जीव घ्यायचा तर तक्रार लिहून घेणारा लागतो, वॉरंट काढणारा लागतो, साक्ष ग्राह्य धरणारा आणि फाशीच्या हुकमावर सही करणारा लागतो. सेलममध्ये ही सगळी माणसं शुद्धीवर होती, शिकलेली होती आणि आपण देवाचं काम करतोय अशी त्यांची खात्री होती.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. मॅसॅच्युसेट्स बे ही इंग्रजांची वसाहत. तिथल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या, लोकांची समजूत अशी की आपल्या समाजाचा देवाशी करार झालेला आहे, त्यामुळे सैतानाचा सगळ्यात मोठा डोळा आपल्यावरच. सेलम व्हिलेज, म्हणजे आजचं डॅन्व्हर्स, हे भांडणांनी पोखरलेलं खेडं होतं. पाद्री सॅम्युएल पॅरिस 1689 मध्ये तिथे आले आणि त्यांच्या पगारावरून, सरपणावरून गावात दोन तट पडले. ऑक्टोबर 1691 मध्ये त्यांच्या विरोधातली माणसं गावच्या समितीवर निवडून आली आणि पाद्र्याच्या पगारासाठी कर गोळा करायलाच त्यांनी नकार दिला. वरच्या पातळीवरही गोंधळच होता. वसाहतीची सनद 1684 मध्ये रद्द झाली होती, राजानं लादलेल्या गव्हर्नरला लोकांनी 1689 मध्ये उलथवलं होतं आणि नवी सनद अजून पोचायची होती. उत्तरेच्या सरहद्दीवर फ्रेंच आणि त्यांच्या बाजूचे मूळनिवासी यांच्याशी युद्ध चालू होतं. जानेवारी 1692 मध्येच यॉर्क गावावर हल्ला होऊन कितीतरी माणसं मारली गेली, कितीतरी पकडून नेली. तिकडून उद्ध्वस्त होऊन आलेली माणसं सेलमच्या आसपास राहत होती. आरोप करणाऱ्यांपैकी मर्सी लुईस ही त्यांतलीच एक, आई-बाप गमावलेली मोलकरीण.

त्याच जानेवारीत पॅरिसच्या घरातली नऊ वर्षांची बेटी आणि अकरा वर्षांची ॲबिगेल विल्यम्स यांना झटके यायला लागले. डॉक्टरला रोग सापडेना, त्यानं दुष्ट शक्तीचा हात आहे असं सांगितलं. मेरी सिब्ली या शेजारणीनं उपाय सुचवला: मुलींचं मूत्र राय नावाच्या धान्याच्या पिठात कालवून भाकरी भाजायची आणि कुत्र्याला घालायची. आपल्याकडच्या उताऱ्यासारखाच प्रकार. ती भाकरी टिटुबा आणि जॉन या पॅरिसच्या घरातल्या गुलाम जोडप्यानं भाजली. पुढे पॅरिसनं भर चर्चमध्ये सिब्लीबाईंना खडसावलं, पण तोवर गाडी फार पुढे गेली होती.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही गावात घडू शकते. 29 फेब्रुवारीला ती बदलली, कारण त्या दिवशी कागद तयार झाला. मुलींनी फिर्याद दिली नव्हती. त्या अल्पवयीन होत्या. थॉमस पटनम आणि आणखी तीन मोठ्या माणसांनी दंडाधिकाऱ्यांकडे जाऊन टिटुबा, सारा गुड आणि सारा ऑस्बर्न यांच्या नावानं तक्रार नोंदवली. पटनमांचं घराणं पॅरिसच्या बाजूचं. पुढच्या महिन्यांतले कितीतरी जबाब थॉमस पटनमच्याच हस्ताक्षरात आहेत आणि त्याची बारा वर्षांची मुलगी ॲन ही सगळ्यांत जास्त आरोप करणाऱ्यांपैकी होती. एकाच घरातून पीडित, फिर्यादी आणि जबाब लिहिणारा असे तिघं निघाले, की आमच्यातला नवशिका वकीलसुद्धा कान टवकारतो. तिन्ही आरोपी कशा निवडल्या गेल्या तेही पाहा. एक गुलाम, एक दारोदार मागत फिरणारी बाई आणि एक आजारी, नोकराशी लग्न केल्याबद्दल नावं ठेवली गेलेली, महिनोन्‌महिने चर्चला न गेलेली. जामीन राहायला कुणी येणार नाही अशा तिघी.

1 मार्चची तपासणी जॉन हॅथॉर्न आणि जोनाथन कॉर्विन या दंडाधिकाऱ्यांनी घेतली. हॅथॉर्नचा सारा गुडला पहिलाच प्रश्न होता: कोणत्या दुष्ट आत्म्याशी तुझा संबंध आहे? ती म्हणाली, कुणाशीच नाही. मग, सैतानाशी तू करार केला नाहीस का? नाही. मग, या मुलांना का छळतेस? मी छळत नाही. म्हणजे गुन्हा घडला आणि हिनंच केला हे प्रश्न विचारण्याआधीच ठरलेलं होतं, फक्त तपशील भरायचा बाकी होता. पोलीस कोठडीत असे प्रश्न विचारले जातात हे मला माहीत आहे. म्हणूनच पोलिसांपुढच्या कबुलीला आपला कायदा पुरावा मानत नाही. सेलममध्ये हे प्रश्न न्यायासनावरून येत होते.

मग टिटुबानं कबुली दिली. बोस्टनहून आलेला उंच माणूस, त्याचं पुस्तक, त्या पुस्तकात सह्यांच्या नऊ खुणा, पिवळा पक्षी, काठीवर बसून केलेला प्रवास, असं सगळं तिनं सांगितलं. नऊ खुणांपैकी दोनच नावं तिनं घेतली. उरलेली सात माणसं कोण, हा प्रश्न त्या दिवसापासून सगळ्या परगण्याच्या मानगुटीवर बसला. ती गुलाम होती, मालक पाद्री होता, मारहाण झाल्याचं तिनं नंतर सांगितलं अशी नोंद आहे. तिला दोष देणं माझ्यानं होत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याला तिकडे स्पेक्ट्रल एव्हिडन्स म्हणत. मुलगी सांगायची, अमुक बाईचं छायारूप आत्ता माझ्यासमोर आहे, मला चिमटे काढतंय, गळा दाबतंय. ते रूप तिच्याखेरीज कुणालाच दिसायचं नाही. ती बाई त्या वेळी चार मैलांवर घरी झोपली होती असं दहा जणांनी शपथेवर सांगितलं तरी उपयोग शून्य, कारण शरीर घरी आणि छायारूप इथे. आरोपी घटनास्थळी नव्हता हा फौजदारी कायद्यातला सगळ्यात जुना बचाव, आणि तो एका फटक्यात रद्द झाला. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांचा धर्मशास्त्रीय सिद्धांत असा होता की निरपराध माणसाचं रूप सैतान घेऊच शकत नाही, देव त्याला तशी परवानगी देणार नाही. म्हणजे रूप दिसलं की माणूस दोषी. खोटं ठरवता येईल असं त्यात काही उरलंच नाही, आणि जे खोटं ठरवता येत नाही त्याची उलटतपासणी कशी घेणार? शिवाय आरोपींना वकील नव्हता आणि न्यायाधीशांपैकी एकही कायदा शिकलेला नव्हता. स्टॉटन स्वतः धर्मशास्त्र शिकलेले.

यातली मला सगळ्यात धक्कादायक वाटणारी गोष्ट दोषारोपांमध्ये आहे. बऱ्याच दोषारोपांत गुन्ह्याची तारीख म्हणून तपासणीचाच दिवस लिहिलेला आहे. आरोपी समोर उभी केली की मुली कोसळायच्या. रिबेका नर्सनं मान कलती केली की मुलींच्या माना तशाच वळायच्या. मार्था कोरीनं ओठ चावला की त्यांना चावे बसायचे. मग त्याच छळाबद्दल तिच्यावर खटला. गुन्ह्याची जागा कोर्ट, वेळ तपासणीची आणि साक्षीदार खुद्द दंडाधिकारी. हॅथॉर्न आणि कॉर्विन हे दोघंही नंतर खटला चालवणाऱ्या न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसले.

या पद्धतीला इंग्लंडमधला दाखला होता. 1662 मध्ये बरी सेंट एडमंड्स इथे मॅथ्यू हेल या नामांकित न्यायाधीशापुढे दोन वृद्ध विधवांवर चेटकाचा खटला चालला होता. त्यात झटके येणाऱ्या मुलीचे डोळे झाकून तिला दुसऱ्याच बाईचा स्पर्श करवला, तरी तिला तसाच झटका आला. ढोंग तिथेच उघडं पडलं होतं. तरी दोघींना फाशी झाली, आणि सेलमच्या न्यायाधीशांनी आधार म्हणून घेतला तो हाच खटला. हेल हे नाव आपल्याला परकं नाही. नवऱ्यानं बायकोवर केलेला बलात्कार हा गुन्हाच नव्हे, हे मत त्यांचंच, आणि त्या मतातून आलेला अपवाद भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आजही शिल्लक आहे. एका न्यायाधीशाचं मत तपासून न पाहता पुढे चालू ठेवलं तर ते किती शतकं टिकतं याचा यापेक्षा जवळचा दाखला मला देता येणार नाही.

छायारूपाच्या जोडीला शेजाऱ्यांच्या साक्षी होत्या. या वाचताना मला थेट आपल्या भागातल्या फिर्यादी आठवतात. सारा गुडला एका जोडप्यानं काही काळ घरात ठेवलं होतं, मग तिच्या स्वभावाला कंटाळून काढून टाकलं. त्यानंतर त्यांची गुरं एकामागून एक मेली. कुणाची गाय दहा वर्षांपूर्वी आटली होती, कुणाचं मूल भांडणानंतर आजारी पडलं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या 1641 च्या कायद्यानं देहदंडासाठी दोन-तीन साक्षीदारांची अट घातली होती. ती इथे वेगवेगळ्या वर्षांतल्या वेगवेगळ्या तक्रारींची बेरीज करून भागवली गेली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्रानं गुरांचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई पसरते असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. सातपुड्याच्या पट्ट्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवतात तेव्हा तक्रारी याच असतात: गाय, मूल, भांडण, शेताचा बांध. कायद्यात फरक एवढाच की आपण आरोप करणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं ठरवलं. तो कायदा प्रत्यक्षात किती वापरला जातो याबद्दल माझी तक्रार आहे, पण दिशा बरोबर आहे.

गव्हर्नर विल्यम फिप्स 14 मे 1692 ला नवी सनद घेऊन पोचले तेव्हा तुरुंग भरले होते. त्यांनी महिनाअखेरीला खास न्यायालय नेमलं. 10 जूनला ब्रिजेट बिशपला पहिली फाशी. त्यानंतर न्यायाधीश नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल बाहेर पडले. एकटेच. बोस्टनच्या पाद्र्यांनी 15 जूनला लेखी सल्ला दिला की छायारूपाच्या साक्षीबाबत फार जपून वागा, आणि त्याच कागदाच्या शेवटी लिहिलं की खटले मात्र जलद आणि जोरात चालवा. न्यायालयानं शेवटचं तेवढं ऐकलं. 19 जुलैला पाच, 19 ऑगस्टला पाच, 22 सप्टेंबरला आठ. एकूण 19 फाशी, 14 बायका आणि 5 पुरुष. कुणाला जाळलं नाही, तो गैरसमज फार पसरलेला आहे. जाइल्स कोरी या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्यानं ज्युरीपुढे खटला चालवून घ्यायलाच नकार दिला, म्हणून छातीवर दगड ठेवून त्याला 19 सप्टेंबरला मारलं. किमान पाच जण तुरुंगातच मेले, त्यांत सारा गुडचं तान्हं बाळ. तिची मोठी मुलगी डोरोथी चार-पाच वर्षांची. तिलाही चेटकीण म्हणून अटक झाली आणि कित्येक महिने साखळदंडात ठेवलं.

रिबेका नर्सचा निकाल प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्यानं वाचावा. 71 वर्षांची, गावात मान असलेली बाई. 39 शेजाऱ्यांनी तिच्या बाजूनं सह्या दिल्या, त्या वातावरणात, हे लक्षात घ्या. ज्युरीनं तिला निर्दोष ठरवलं. कोर्टात मुलींनी आरडाओरडा केला आणि स्टॉटननी ज्युरीला विचारलं की आरोपीच्या एका वाक्याचा तुम्ही विचार केलात का? कबुली दिलेली एक कैदी साक्षीला आली तेव्हा रिबेका ‘ही तर आमच्यातलीच’ अशा अर्थाचं काही बोलली होती. तिचा अर्थ, आमच्यासोबतची कैदी. न्यायाधीशांनी लावलेला अर्थ, आमच्यासोबतची चेटकीण. ज्युरीनं तिला खुलासा विचारला. तिला कमी ऐकू यायचं आणि ती दुःखानं खचलेली होती, तिनं उत्तर दिलं नाही. त्या मौनावर निकाल फिरला. गव्हर्नरनी शिक्षा थांबवली आणि दबाव आल्यावर तो हुकूम मागे घेतला. म्हणजे शेजारी, ज्युरी, गव्हर्नर असे तीन ठिकाणी तिला वाचवणारे हात पुढे आले होते, आणि तिन्ही हात न्यायालयाच्या आग्रहापुढे मागे हटले.

आता कबुलीबद्दल, कारण आग इतकी का पसरली याचं उत्तर तिथे आहे. कबुली देऊन त्यावर ठाम राहिलेल्या एकालाही 1692 मध्ये फाशी झाली नाही. ‘मी निर्दोष आहे’ म्हणणारे फासावर गेले. इंग्लंडमध्ये कबुली म्हणजे फास, पण इथे कबुली देणाऱ्यांना पुढच्या खटल्यांच्या साक्षीसाठी जिवंत ठेवलं जात होतं. हे उमगायला लोकांना वेळ लागला नाही. पन्नासच्या आसपास माणसांनी कबुली दिली. पण नुसतं ‘होय’ म्हणून चालत नसे, तुझ्याबरोबर कोण होतं हेही सांगावं लागे. प्रत्येक कबुलीतून नवी नावं, त्या नावांतून नवी वॉरंटं. जवळच्या अँडोव्हर गावात तर हा प्रकार सेलमपेक्षाही जास्त फोफावला. सॅम्युएल वॉर्डवेलनं कबुली दिली, मग मन खाऊ लागलं म्हणून मागे घेतली. त्याला फाशी झाली. जॉन प्रॉक्टरनं 23 जुलैला तुरुंगातून बोस्टनच्या पाद्र्यांना पत्र लिहिलं. त्यात आहे की मार्था कॅरियरच्या दोन मुलांना मान आणि टाचा एकत्र बांधून नाकातून रक्त यायची वेळ येईपर्यंत ठेवलं, तेव्हा त्यांनी कबुली दिली. त्यांची आई फासावर गेली. प्रॉक्टरही गेला.

कश्मीरा सिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1952 मध्ये सांगितलं की सहआरोपीच्या कबुलीवरून खटल्याची सुरुवात करायचीच नाही. आधी बाकीचा पुरावा पाहायचा, तो उभा राहत असेल तरच तिचा आधार घ्यायचा. दंडाधिकाऱ्यापुढे कबुली नोंदवतानाही, तुझ्यावर बंधन नाही आणि जे सांगशील ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल, असं आधी बजावावं लागतं. तरुण वकिलांना ही तांत्रिक बाब वाटते. सेलममध्ये हा एक नियम असता तर निम्म्याहून जास्त वॉरंटं निघालीच नसती असं माझं मत आहे.

मुली खोटं बोलत होत्या का? सरसकट उत्तर देता येत नाही. नऊ वर्षांच्या बेटीला लवकरच दुसऱ्या घरी पाठवलं आणि ती या प्रकरणातून बाहेर पडली. तिला सुरुवातीला खरोखर काही होत असावं, भीतीनंही शरीर असं वागतं. पण सुरीचा तुकडा म्हणजे भीती नव्हे. मार्चअखेरीस इंगरसॉलच्या खानावळीत एका मुलीनं प्रॉक्टरच्या बायकोचं छायारूप दिसल्याचा ओरडा केला. बाकीच्यांनी टोकल्यावर ती म्हणाली की आम्हाला थोडी गंमत हवी होती, आणि हे ऐकणाऱ्या तरुणानं तसा जबाब दिलेला आहे. प्रॉक्टरची मोलकरीण मेरी वॉरन म्हणाली होती की मुली सोंग करतात. लगेच तिच्यावरच आरोप आला, आणि जीव वाचवायला ती परत आरोप करणाऱ्यांत जाऊन बसली. खरं बोलण्याची किंमत इतकी झाल्यावर मोलकरणींनी आणि पोरक्या मुलींनी काय करावं? राय धान्यावरच्या बुरशीमुळे भास झाले असं एक मत 1976 मध्ये मांडलं गेलं, त्याचं खंडनही त्याच वर्षी झालं. मला ते पटत नाही. बुरशी आरोपींची निवड करत नाही.

हे थांबलं कसं, यात माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. आरोप वरच्या घरांपर्यंत पोचले, खुद्द गव्हर्नरच्या बायकोचं नाव कुजबुजलं जाऊ लागलं, हे खरं. पण त्याआधी मेरी ईस्टीनं, रिबेकाच्या बहिणीनं, फाशीची वाट पाहताना अर्ज केला होता: मी माझ्या जिवासाठी मागत नाही, मला मरायचं आहे हे मला माहीत आहे, पण आणखी निरपराध रक्त सांडू नये, आणि कबुली देणाऱ्यांना वेगवेगळं ठेवून नीट तपासा. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या त्या बाईनं न्यायाधीशांना साक्षीदार कसे तपासायचे ते सांगितलं. 3 ऑक्टोबरला ज्येष्ठ पाद्री इन्क्रीज मॅदर यांनी लिहिलं की एका निरपराधाला शिक्षा होण्यापेक्षा संशयित दहा चेटकिणी सुटलेल्या बऱ्या. महिनाअखेरीला फिप्सनी ते न्यायालय बरखास्त केलं. जानेवारी 1693 मध्ये नवं न्यायालय बसलं. मुख्य न्यायाधीश पुन्हा स्टॉटनच. प्रदेश तोच, बहुतेक कैदी जुनेच, सैतानावरची श्रद्धाही तशीच. बदलला तो एक नियम. छायारूपाच्या साक्षीला किती वजन द्यायचं असं ज्युरीनं विचारलं, तेव्हा अजिबात नाही असं उत्तर मिळालं. पन्नासहून अधिक आरोपींपैकी फक्त तिघी दोषी ठरल्या. स्टॉटननी फाशीचे हुकूम काढले, फिप्सनी ते अडवले, आणि स्टॉटन संतापून न्यायासन सोडून निघून गेले. लोकांची समजूत त्या तीन महिन्यांत पालटली होती असं मानायला मला आधार दिसत नाही.

निर्दोष सुटलेल्यांनाही तुरुंगाचा खर्च भरल्याशिवाय सोडत नसत. लिडिया डस्टिन निर्दोष सुटली आणि पैसे नव्हते म्हणून मार्च 1693 मध्ये तुरुंगातच मेली.

शिक्षा कुणालाच झाली नाही. 14 जानेवारी 1697 ला प्रायश्चित्ताचा उपवास पाळला गेला. त्या दिवशी न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल बोस्टनच्या चर्चमध्ये उभे राहिले आणि दोष व लाज आपल्या माथ्यावर घेत असल्याचा त्यांचा कागद सर्वांसमोर वाचला गेला. बारा ज्युरींनीही लेखी माफी मागितली. ॲन पटनमनं 1706 मध्ये चर्चपुढे माफी मागितली, सैतानानं आपल्याला भुलवलं असं म्हणून. स्टॉटननी कधीच मागितली नाही. ते पुढे वसाहतीचे हंगामी गव्हर्नर झाले. 1711 मध्ये 22 जणांवरचा कलंक कायद्यानं पुसला गेला आणि भरपाई वाटली गेली. सारा गुडच्या नवऱ्याला 30 पौंड मिळाले. तपासणीच्या दिवशी हाच नवरा म्हणाला होता की ही चेटकीण आहे किंवा लवकरच होईल अशी मला भीती वाटते. 1693 मध्ये दोषी ठरलेली एलिझाबेथ जॉन्सन त्या यादीतून राहून गेली. तिनं 1712 मध्ये स्वतः अर्ज केला होता, तरी तिचं नाव कायद्यानं मोकळं झालं ते 2022 मध्ये, एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी पाठपुरावा केल्यावर.

मूळ कागद वाचायचे असतील तर व्हर्जिनिया विद्यापीठानं ते इंटरनेटवर ठेवले आहेत. इंग्रजी जुनं आहे, पण जमतं. सुरुवात 1 मार्चच्या सारा गुडच्या तपासणीपासून करा, मग 24 मार्चची रिबेका नर्सची तपासणी, मग मेरी ईस्टीचा अर्ज. सारा गुडची तपासणी वाचताना हॅथॉर्नचे प्रश्न एका कागदावर वेगळे लिहून काढा आणि त्यांतला कुठला प्रश्न आज आम्ही कोर्टात विचारू देऊ ते पाहा. मला एकही सापडला नाही.